गादीचा फोटो आणि सातवी सही

पाचवी सही पिशवीत पडली आणि चढाचा रस्ता सुरू झाला, तेव्हा वहिनीने कडेच्या कठड्यावर बैठक मारून जाहीर करून टाकलं, "वन्सं, माझ्या पायांनी राजीनामा दिलाय. आता तुम्ही एकट्या जा, नाहीतर मला उचलून न्या."

वन्सं चार पावलं पुढे गेल्या होत्या. गळ्यात कॅमेरा, खांद्याला कापडी पिशवी, पायात पुरुषी बूट. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईला चढ दिसला की हुरूपच यायचा. त्या मागे वळल्या. "ऊठ गं वहिनी. बसलीस की पेंगशील, पेंगलीस की तोंड उघडं पडेल, आणि तोंड उघडं पडलं की मी फोटो काढीन."

"काढा की. सही कोण देतंय!"

वन्सं इतक्या मोठ्यानं हसल्या, की समोरच्या घरातल्या माणसानं पडदा बाजूला करून पाहिलं. वहिनी उठली. नणंदेच्या हसण्यापुढे तिचं काही चालत नसे. लग्न होऊन या घरात आल्यापासून चालत नव्हतं, ते आता शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर काय चालणार!

सकाळी नऊपासून दोघी पायपीट करत होत्या. बस होती, पण नेमकी बस जात नाही अशाच गल्ल्यांत ही सगळी माणसं राहत होती. सात जणांच्या सह्या हव्या होत्या. पाच झाल्या, दोन राहिल्या. दुपारचे अडीच वाजले होते आणि संध्याकाळी पाचच्या आत गादीच्या कंपनीतल्या साहेबांना फोन करून 'सगळ्या मिळाल्या' असं सांगायचं होतं. नाही सांगितलं तर फोटो गेला. मग साहेब दुसऱ्या कुणाचातरी फोटो घेणार, आणि दुसऱ्या कुणाचंतरी नाव छापून येणार.

नावाचाच सगळा प्रश्न होता.

वन्संचं फोटोचं दुकान म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीत, जिन्याखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाचं स्टूल, मागे पांढरा पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाखाली दोरीला बांधलेला कंगवा. मागच्या खोलीत पूर्वी अंधार आणि औषधांचा वास असायचा, आता कॉम्प्युटर आणि छपाईचं यंत्र होतं. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे, बसच्या पासाचे फोटो. "हनुवटी जरा खाली. डोळे उघडे. हसू नका, सरकार हसलेलं चालवून घेत नाही." आल्यागेल्याला हे म्हणता म्हणता अर्धं शहर त्यांच्या स्टुलावर बसून गेलं. पण त्या चौकोनी फोटोंच्या मागे कुणी फोटो काढणाऱ्याचं नाव लिहीत नाही. वन्संना त्याचं दुःख होतं असं नाही. फक्त एकदा वहिनीशी बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, "एकतरी फोटो असा हवा गं, की ज्याच्याखाली माझं नाव असेल. बारीक अक्षरात का होईना."

आणि मग तो फोटो झाला होता.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. मोठ्या बसथांब्यावर दोन हमाल एक जाडजूड गादी घेऊन उभे होते. टेम्पो बंद पडलेला, दुसरा यायचा होता. वाट पाहून कंटाळल्यावर त्यातल्या एकानं फूटपाथवर गादी टाकली, प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट तिच्यावर आडवा झाला आणि हात उशाला घेऊन म्हणाला, "टेम्पो आला की चहा घेऊनच उठवा." थांब्यावर उभे असलेले सगळे एका क्षणी खळाळून हसले. वन्सं समोरून येत होत्या. एकच फोटो निघाला. पण असा, की बघणाऱ्याचे दात आपोआप दिसावेत. आडवा झालेला हमाल, कपाळावर हात मारून घेणारा त्याचा जोडीदार, काठीवर वाकून हसणारे आजोबा, त्यांची नात, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस, बगलेत फाइल घेतलेला एक कारकून, आणि सगळ्यांच्या मधोमध, मान मागे टाकून, डोळे मिटून, सगळा जीव ओतून हसणारी एक बाई.

वन्संनी त्याच वेळी रस्ता ओलांडून सगळ्यांना सांगितलं, "मी तुमचा फोटो काढलाय. नको असेल तर आत्ता पुसते." कुणीच नको म्हणालं नाही. मग त्यांनी वहीत प्रत्येकाचा ठावठिकाणा लिहून घेतला. ही त्यांची जुनी शिस्त. त्या शिस्तीमागेही एक फजिती होती. दुकान नवं असताना त्यांनी एका तरण्या मुलाचा फोटो, चांगला आला म्हणून, शेजारच्या न्हाव्याला पाटीसाठी देऊन टाकला होता. विचारणं-बिचारणं काही नाही. न्हाव्यानं पाटीवर दोन चेहरे लावले, एकाखाली 'आधी' आणि दुसऱ्याखाली 'नंतर'. तो बिचारा 'आधी'खाली लागला. चार दिवसांनी तो दुकानात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, माझं लग्न ठरत होतं हो!" वन्संनी स्टूल उचललं, न्हाव्याच्या दाराशी नेलं, वर चढल्या आणि स्वतःच्या हातानं ती पाटी उतरवली. त्या मुलाचं लग्न पुढे झालं. लग्नाचे फोटो वन्संनीच काढले, आणि एकेक दाखवून त्याला विचारलं, "हा ठेवू का?"

पुढे एक वकीलबाई पासपोर्टच्या फोटोला आल्या तेव्हा वन्संनी त्यांना स्टुलावरच अर्धा तास अडकवून सगळं विचारून घेतलं. हनुवटी खाली ठेवून वकीलबाईंनी सांगितलं, की रस्त्यात फोटो काढणं एक, तो छापणं दुसरं आणि माल खपवायला वापरणं तिसरं. "पहिल्याला बऱ्याच ठिकाणी कुणी अडवत नाही. तिसऱ्याला मात्र ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याची लेखी परवानगी हवी. मूल असेल तर आईबापाची, नाहीतर पालक असेल त्याची. आणि एका कामाला दिलेली परवानगी दुसऱ्या कामाला चालत नाही, बाई." वन्संनी फोटोच्या प्रती देताना दोन जास्त दिल्या.

त्यामुळे गादीच्या कंपनीनं हा फोटो कॅलेंडरसाठी मागितला, खाली फोटो काढणारीचं नाव द्यायचंही कबूल केलं, तेव्हा वन्सं आधी आनंदानं वहिनीभोवती एक गिरकी घेऊन आल्या आणि लगेच म्हणाल्या, "सात जणांना विचारायला हवं."

कंपनीनं सह्यांसाठी छापील कागद पाठवला होता. वहिनीनं चष्मा लावून तो वाचायला घेतला. 'सांप्रत ज्ञात असलेल्या तथा भविष्यात अस्तित्वात येणाऱ्या सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' असं काहीसं त्यात होतं. वहिनीनं चष्मा काढला. "वन्सं, हा परवानगीचा कागद नाही. माणूस विकत घेतल्याचा कागद आहे हा!"

"मग तू लिही," वन्सं म्हणाल्या.

चौतीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून वहिनीनं दाखले लिहिले होते. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि वाक्य असं की चौथीच्या पोरानंही एका दमात वाचावं. तिनं बसून सहा ओळी लिहिल्या. हा फोटो गादीच्या कंपनीच्या पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर छापला जाईल. कॅलेंडर सोडून दुसरीकडे कुठेही वापरला जाणार नाही. तुमचं नाव येणार नाही. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. कारण सांगायची गरज नाही. हो असेल तर खाली सही करा. कंपनीच्या साहेबांनी फोनवर कुरकुर केली, पण वन्संनी त्यांना असं काही बोलण्यात घेतलं की शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, तुमचा कागद. पण सह्या सातही हव्यात."

तर आज त्या सह्यांचा दिवस होता. आणि वन्संची पद्धत म्हणजे वहिनीच्या पायांचा अंत पाहणारी. नुसती सही त्या घेतच नसत. आधी कागद मोठ्यानं वाचायचा, मग म्हणायचं, "आता तुम्ही मला सांगा, मी काय वाचलं?" समोरच्यानं आपल्या शब्दांत सांगितलं, की मगच पेन पुढे करायचं. आडवा झालेला हमाल म्हणाला, "म्हणजे मी वर्षभर लोकांच्या भिंतीवर झोपणार! आयुष्यात पहिल्यांदा आडवं पडून काम केलं, द्या पेन." त्याचा जोडीदार म्हणाला, "हा झोपणार आणि मी वर्षभर उभा. इथेही तेच!" पण सही त्यानंही केली. आजोबांनी नातीच्या आईला कामावरून फोन करून बोलावून घेतलं, तिनं लेकीसाठी सही केली, तर नऊ वर्षांची ती नात हात कमरेवर ठेवून म्हणाली, "तोंड माझं आणि सही आईची? मलाही विचारा." वन्संनी तिला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. तिनं आईच्या सहीखाली आपली सही केली, वर एक फूलही काढलं. त्यात पाऊण तास गेला. मदतनीस बाईंनी आपला पुढचा दात वाकडा दिसतो का एवढंच विचारलं.

चढावरच्या घरी कारकून राहत होता. दार उघडल्या उघडल्या फोटो पाहून तो आधी हसला आणि मग पांढराफटक पडला. "अहो, हा तर त्या मंगळवारचा!"

"मग?"

"मंगळवारी मी आजारी होतो."

वहिनी म्हणाली, "दिसत तर नाही हो."

"तेच तर! हापिसात आजारी होतो. रजेचा अर्ज दिला होता. साहेबांना 'अंथरुणातून उठवत नाही' असं लिहून दिलंय मी."

आतून त्याची बायको पदराला हात पुसत आली. तिनं फोटो पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "म्हणजे घरातून हापिसात जातो म्हणून निघालात, हापिसात आजारी आहे म्हणून कळवलंत, आणि उभे कुठे, तर बसथांब्यावर! दात काढत!"

वन्संनी कागद पिशवीत परत घालायला घेतला. "नको असेल तर नको म्हणा. कारण सांगायची गरज नाही."

"कारण मी सांगते," बायको म्हणाली. "गेल्या महिन्यात ते साहेब बदलून गेले. नवे आलेत त्यांना मंगळवार माहीत नाही. आणि फोटोवर कुठे तारीख आहे? करा सही." मग ती नवऱ्याकडे वळली. "कितीतरी वर्षांनी एवढं हसताना दिसलात. वर्षभर भिंतीवर बघीन तरी."

पण वन्सं पेन देईनात. "ताई, सही त्यांची आहे. त्यांनी म्हणायला हवं." त्यांनी कारकुनाकडे वळून कागद पहिल्यापासून वाचला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आता तुम्ही सांगा, मी काय वाचलं?" कारकून स्वतःशीच हसला. "की मी वर्षभर आजारी दिसणार नाही. आणा." सहा झाल्या.

उतारावर वहिनीचे पाय आपोआप चालू लागले. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. तिची ती सवयच होती, कुणाला दाखवायची नाही, ओठही हलवायचे नाहीत. पण आज त्या नावाला तिनं एक मागणी जोडली होती. देवा, एवढी सातवी सही होऊ दे. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे सरळ करत बसली ही बाई. हिचं नाव एकदा छापून येऊ दे.

वहीत सातव्या नावाऐवजी लिहिलं होतं, 'हसणारी. बटणांच्या कारखान्यामागे, हिरवं दार.' ते दार सापडायला साडेतीन झाले. दार उघडलं तिनंच. फोटोतली तीच, फक्त आता केस घट्ट बांधलेले आणि बोटांत सुई. घरी बसून ती कपड्यांना बटणं लावायचं काम करायची. टेबलावर रंगीत बटणांच्या वाट्या मांडल्या होत्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि तिकडे बोट करून ती हळू आवाजात म्हणाली, "आमचे हे झोपलेत. आजारातून उठलेत. या, बसा."

वन्संनी फोटो पुढे ठेवला. तिनं सुई कापडात टोचून ठेवली आणि फोटो दोन्ही हातांत धरला. कितीतरी वेळ पाहत राहिली. मग वन्संनी हळूच कागद वाचला, आणि विचारलं, "आता तुम्ही सांगा, मी काय वाचलं?"

"की मी गादीच्या कॅलेंडरवर येणार. आणि नको असेल तर नको म्हणायचं." तिनं फोटो खाली ठेवला. "मग नको."

वन्संनी फक्त मान हलवली. "बरं. हा फोटो मात्र तुमच्याकडेच ठेवा. तुमचाच आहे." आणि कागदाची घडी करू लागल्या.

वहिनीला राहवलं नाही. "अहो ताई, बाकीच्या सहाही जणांनी दिलीय सही! तुमच्या एकटीसाठी अडलंय सगळं. सकाळपासून चालतोय आम्ही. आणि यांचं नाव येणार होतं हो खाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

ती बाई ओशाळली. तिचा हात पुन्हा सुईकडे गेला.

"वहिनी!" वन्संचा आवाज असा वहिनीनं कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्यात हसू नव्हतं. "तो कागद तूच लिहिलास ना? त्यात 'बाकीच्यांनी दिलीय' असं कुठे लिहिलंयस? 'बाई दमल्यात' असं लिहिलंयस?"

वहिनीचे कान तापले. बरोबरच होतं. सहा ओळी लिहिताना तिनं केवढ्या अभिमानानं लिहिलं होतं, कारण सांगायची गरज नाही. आणि पहिल्यांदा कुणी नको म्हटलं तर तिनंच त्या बाईच्या गळ्याला दोर लावला. ती म्हणाली, "चुकले हो. माझं काही ऐकू नका."

"असू दे," बाई म्हणाली. "चहा तरी घ्या. एवढं चालून आलात."

चहा टाकायला ती उठली तेवढ्यात वन्संचा फोन वाजला. कंपनीचे साहेब. त्यांचा आवाज एवढा खणखणीत, की त्या छोट्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. "काय बाई, झाल्या का सात?"

"सहा झाल्या. सातव्या नाही म्हणाल्या."

"कोण? ती मधली? अहो, तिचंच तर हसू आहे! बरं, एक करू. कॉम्प्युटरवर तिचं तोंड बदलू. शरीर तेच, चेहरा दुसऱ्या कुणाचातरी. कुणाला कळतंय! तुमचं नाव येतंच मग."

चहाचं पातेलं धरलेला बाईचा हात थांबला. नाव येतंच मग. एवढं सोपं होतं. वहिनीच्या मनात एक क्षणभर, खोटं कशाला सांगा, होऊ दे असंही आलं.

वन्सं एकदम हसल्या. तेच ते सकाळचं मोठं हसू. "अहो साहेब, त्या हसल्या म्हणून बाकीचे हसले! त्यांचं तोंड काढलंत तर ते कशाला हसतायत? झोपलेल्या माणसाला? नाही नाही. हा फोटो राहू दे. तुम्ही दुसरा बघा. आणि गाद्या चांगल्या आहेत हो तुमच्या, त्या हमालाला विचारा!" फोन ठेवून त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. "चहाबरोबर घ्या. वहिनी, तूही घे, तोंड असं काय केलंयस? माझं दुकान जळलं नाही."

बाईनं चहा आणून ठेवला आणि बसली. मग आपणहून म्हणाली, "कारण सांगायचं नाही म्हणालात, म्हणून सांगते."

वन्सं हसल्या. "असंच होतं बघा."

"तुम्ही सगळे समजलात मी गादीला हसले. गादी मी नीट पाहिलीच नव्हती. त्या दिवशी मी दवाखान्यातून येत होते. तीन महिने हे तिथे पडून. रोज जायचं, रोज डॉक्टरांचं तोंड वाचायचं. आणि त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, 'शनिवारी घरी न्या.' थांब्यावर आले, पण सांगायला कुणी नव्हतं. सगळे अनोळखी. हसू नुसतं पोटात कोंडलं होतं. तेवढ्यात तो माणूस आडवा झाला, आणि मला निमित्त मिळालं." तिनं फोटोवरच्या आपल्याच तोंडावर बोट ठेवलं. "हे त्या बातमीचं हसू आहे. हे कुणाच्या गादीला लावायचं नाही मला."

वहिनीचे डोळे भरून आले. मघाशी देवाकडे काय मागितलं होतं ते आठवून तिनं मनात हात जोडले आणि मागणी दुरुस्त केली. देवा, ज्याचं हसू त्याच्यापाशी राहू दे.

आतलं दार करकरलं. एक उंच, वाळलेला माणूस भिंतीला धरून बाहेर आला. "एवढं कोण हसतंय घरात?" त्याला फोटो दाखवावा लागला. खुर्चीत बसून तो फोटोकडे पाहत राहिला, मग बायकोकडे, आणि म्हणाला, "एवढं मोठं तोंड उघडतेस तू? दवाखान्यात तर म्हणायचीस, तुमच्या काळजीनं घास तोंडात जात नाही!"

"तुम्ही गप्प बसा हो," ती म्हणाली, पण गालातल्या गालात हसत होती.

"कुठे लावणार हा फोटो?"

"कुठे नाही," वन्संनी सांगितलं. "तुमच्या घरी."

"घरी कशाला? घरी ही आहेच. तुमचं दुकान कुठे, बाई?"

वन्संनी सांगितलं. कोपऱ्यावरची इमारत, जिन्याखाली. इथून दोन चौक.

तो सरळ बसला. "डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. पहिल्या महिन्यात एक चौक, दुसऱ्यात दोन. एक झालाय. दुसऱ्या चौकापर्यंत जायला मला काहीतरी हवं की नको? तिथे काचेत लावा. मी बघायला येईन." मग बायकोकडे पाहून घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे, हिची परवानगी असेल तर हो! माझी काय, मी फोटोत नाहीच."

तिनं वन्संकडे पाहिलं. "तुमच्या काचेत? काही विकायला नाही?"

"माझ्याकडे विकायला फक्त पासपोर्टचे फोटो आहेत, आणि त्यात हसायला बंदी."

"आणि खाली तुमचं नाव लिहिणार?"

वन्सं गडबडल्या. एकतीस वर्षांत त्यांना असं गडबडलेलं वहिनीनं पाहिलं नव्हतं. "लिहीन की. बारीक."

"मोठं लिहा," बाई म्हणाली. "मग चालेल. काचेत चालेल."

वन्सं उठून उभ्याच राहिल्या. त्यांना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी बाईचा हात धरला, नवऱ्याचा धरला, वहिनीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पिशवीतून पेन काढलं. कागद उलगडला. आणि तिथेच थबकल्या. "वहिनी, वाच गं जरा. दुसरी ओळ."

वहिनीनं चष्मा लावला. आपलंच मोत्यासारखं अक्षर. "'कॅलेंडर सोडून दुसरीकडे कुठेही वापरला जाणार नाही.'" वाचता वाचता तिचा आवाज उतरत गेला. "अगं बाई. या कागदावर तर काचेत लावता येणार नाही."

"यांच्यासाठी नवा लिहू. ते सोपं. पण हमालांनी कॅलेंडरसाठी हो म्हटलंय. काचेसाठी नाही."

"आजोबांनीही."

"आणि त्या पोरीनं," वन्सं म्हणाल्या. "ती तर कमरेवर हात ठेवून उभी राहील!"

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग आधी कोण हसलं ते नंतर दोघींनाही सांगता आलं नाही. वन्संनी भिंतीला हात टेकला, वहिनीनं चष्मा काढून डोळे पुसले, आजारातून उठलेल्या माणसालाही हसू आवरेना, आणि त्याची बायको म्हणाली, "पुरे हो, यांना धाप लागते," आणि स्वतःच मान मागे टाकून हसली. वन्संचा हात कॅमेऱ्याकडे गेला. मग त्यांनी तो परत खाली घेतला, आणि नुसतं पाहिलं.

बाहेर पडल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. कंपनीचं कॅलेंडर गेलं होतं. शहरभरच्या भिंतींवर जाणारं नाव आता एका काचेवर जाणार होतं, तेही सात जण हो म्हणाले तर. पण वन्सं चालत अशा होत्या, की वहिनीला मागून जवळजवळ धावावं लागत होतं.

चौकात त्या थांबल्या. वहिनी जवळ येईपर्यंत वाट पाहिली. आणि जिला मघाशी सुनावलं होतं तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, एक मागू का? नवा कागद लिहून दे. दुकानाच्या काचेसाठी. आणि या खेपेला एक ओळ वाढव. पुढे कधी मन बदललं तर येऊन सांगा, त्याच दिवशी फोटो उतरवू. त्या ओळीखाली आधी माझी सही घे, मग त्यांची. आणि पाय फार दुखत नसतील तर, उद्या सकाळी नऊला पुन्हा येशील का गं माझ्याबरोबर?"